नार्नियावर पीएच.डी. करू का? कोल्हापूरच्या एका विद्यार्थिनीला उत्तर

तुझं पत्र दोनदा वाचलं. वयानं तू माझ्या मुलीएवढी, म्हणून एकेरीतच लिहिते.

तुझी अडचण थोडक्यात अशी. शिवाजी विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए. झालीस, सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा झाली आहे, तासिका तत्त्वावर शिकवतेस. सी. एस. लुईस या विसाव्या शतकातल्या इंग्रजी लेखकानं ख्रिस्ती श्रद्धेच्या बाजूनं केलेला युक्तिवाद आणि त्याचं अद्भुत साहित्य, म्हणजे मुख्यतः नार्निया या काल्पनिक जगाच्या बालकथा, या दोन्हींच्या नात्यावर तुला पीएच.डी. करायची आहे. गाईड म्हणतात, हा धर्मप्रचार झाला, साहित्य कुठं आहे यात? घरचे म्हणतात, त्यांच्या धर्माचं आपल्याला काय करायचंय? आणि चर्चला जाणारी मैत्रीण म्हणते, चेटकिणी आणि बोलणारे प्राणी यांचा पवित्र शास्त्राशी काय संबंध? तिघांना काय सांगू, आणि विषय घेऊ की सोडू, असं तू विचारलंस.

विषय घे. पण ज्या रूपात तो तू पत्रात लिहिला आहेस, त्या रूपात घेऊ नकोस. ‘लुईसच्या बालकथांतील ख्रिस्ती प्रतीके’ या शीर्षकाखाली तीनशे पानं लिहिता येतात आणि त्यातून नवं काहीच हाती लागत नाही. सिंह म्हणजे ख्रिस्त, हिवाळा म्हणजे पाप, दगडी चौथरा म्हणजे क्रूस, हे शाळकरी मुलालाही सांगता येतं. बत्तीस वर्षं कोल्हापुरात इंग्रजी शिकवताना असे प्रबंध मी तपासले आहेत. त्यात कष्ट दिसतात, पण एकही खरा प्रश्न सापडत नाही.

आधी ‘अ‍ॅपॉलोजेटिक्स’ हा शब्द, म्हणजे श्रद्धेच्या बाजूनं केलेला युक्तिवाद, नीट समजून घे. माफी मागण्याशी त्याचा संबंध नाही. ग्रीक ‘अपोलोगिया’ म्हणजे न्यायालयात आरोपीनं द्यायचं उत्तर. सॉक्रेटिसचं न्यायालयातलं भाषण प्लेटोनं याच नावानं लिहिलं. नव्या करारात पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात हाच शब्द आहे. तुमच्या ठायी जी आशा आहे तिच्याविषयी जो विचारील त्याला उत्तर द्यायला सिद्ध असा, पण सौम्यतेनं द्या, असा त्याचा आशय. आमच्या शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या शाळेत, हे वचन पाठ करून घेत. अर्थ मात्र मला फार उशिरा कळला. या वचनात उत्तराच्या आधी विचारणारा माणूस आहे, आणि तो विचारतो, कारण त्याला समोरच्यात काहीतरी दिसलेलं आहे. कुणी विचारलंच नसेल तर उत्तर कुणाला देणार?

माझ्या मते तुझ्या प्रबंधाचा कणा इथं आहे. युक्तिवाद उत्तर देतो. पण ज्याला प्रश्नच पडलेला नाही त्याच्या मनात तो जागा करायचं काम युक्तिवादाला जमत नाही, ते गोष्टीला जमतं. लुईसला दोन्ही येत होतं. कधी कुठलं वापरायचं, आणि एकाच्या जागी दुसरं वापरलं की काय बिघडतं, हे त्याच्या लेखनात ओळीओळीनं तपासता येतं.

त्याचं स्वतःचं आयुष्य बघ. जन्म १८९८, बेलफास्ट. दहा वर्षांचा व्हायच्या आत आई कर्करोगानं गेली. पुढे नास्तिक झाला, पहिल्या महायुद्धात जखमी झाला, ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात शिकवू लागला. १९१६ साली एका रेल्वे स्टेशनवर त्यानं जॉर्ज मॅकडोनाल्ड या स्कॉटिश लेखकाची ‘फँटास्टीस’ ही अद्भुतकथा विकत घेतली. त्या पुस्तकानं आपल्या कल्पनाशक्तीचा बाप्तिस्मा केला, असं त्यानं पुढे म्हटलं. बुद्धीचा बाप्तिस्मा व्हायला त्यानंतर पंधरा वर्षं लागली. १९ सप्टेंबर १९३१ च्या रात्री कॉलेजच्या मागच्या पायवाटेवर टॉल्किन आणि ह्यूगो डायसन या मित्रांबरोबर तो पहाटेपर्यंत बोलत होता. वाद असा की मरून पुन्हा उठणाऱ्या देवांच्या जुन्या कथांनी लुईसचं मन हलायचं, पण शुभवर्तमानाशी, म्हणजे येशूच्या कथेशी, आलं की तो वकिलासारखा ‘याचा अर्थ काय, सिद्ध करा’ म्हणून बसायचा. मित्र म्हणाले, इथंही आधी गोष्टच ऐक. त्या कथांसारखीच ही कथा आहे, फक्त ही घडलेली आहे. काही दिवसांनी भावाच्या मोटारसायकलच्या साइडकारमध्ये बसून तो प्राणिसंग्रहालय बघायला निघाला. निघताना विश्वास नव्हता, पोहोचला तेव्हा होता, एवढंच त्यानं लिहून ठेवलं आहे.

म्हणजे त्याच्या आयुष्यात गोष्ट आधी आणि युक्तिवाद नंतर आला. लेखनात क्रम उलटा दिसतो. १९४० साली दुःखाच्या प्रश्नावरचं पुस्तक, १९४१ ते १९४४ बीबीसीवरची भाषणं, जी पुढे १९५२ साली ‘मिअर ख्रिश्चॅनिटी’ म्हणून एकत्र आली, १९४७ साली चमत्कारांवरचं पुस्तक. आणि मग १९५० ते १९५६, दर वर्षी एक, नार्नियाची सात पुस्तकं.

इथं तुला एक सापळा आहे, तो सांगून ठेवते. २ फेब्रुवारी १९४८ रोजी ऑक्सफर्डच्या सॉक्रेटिक क्लबमध्ये एलिझाबेथ अ‍ॅन्सकम या तरुण तत्त्वज्ञ बाईंनी लुईसच्या चमत्कारांच्या पुस्तकातलं तिसरं प्रकरण खोडून काढलं. ‘तिथं हरला म्हणून युक्तिवाद सोडून परीकथांकडे वळला’ ही कहाणी तुला प्रत्येक दुसऱ्या लेखात भेटेल. ती सांगायला सोपी आहे, म्हणून टिकली आहे. प्रत्यक्षात मुलांच्या त्या गोष्टीची सुरुवात त्यानं युद्धाच्या तोंडावरच करून बघितली होती. तिसरं प्रकरण त्यानं १९६० च्या आवृत्तीसाठी नव्यानं लिहिलं, म्हणजे वाद त्यानं टाकून दिला नव्हता. शिवाय अ‍ॅन्सकमबाई स्वतः कॅथलिक होत्या. त्यांचा आक्षेप श्रद्धेवर नव्हता, लुईसच्या तर्काच्या एका सांध्यावर होता. हे पहिल्या प्रकरणात अर्ध्या पानात मिटव आणि पुढे जा.

आता जे अगदी जवळून बघायला हवं तिकडे येते. ‘द सिल्व्हर चेअर’, १९५३. बारावं प्रकरण.

जमिनीखालचं राज्य. दोन मुलं, एक राजपुत्र आणि पडलग्लम नावाचा दलदलीत राहणारा, सदा वाईटच होणार असं धरून चालणारा जीव. राणी, म्हणजे चेटकीण, चिडत नाही, ओरडत नाही. शेकोटीत हिरवी भुकटी टाकते. गोड, सुस्त करणारा वास पसरतो. एक तंतुवाद्य घेऊन तीच तीच धून वाजवत राहते. आणि प्रश्न विचारू लागते. सूर्य म्हणता तो कसा असतो? ते म्हणतात, या दिव्यासारखा, पण कितीतरी मोठा, आभाळात लटकलेला. ती विचारते, कशाला लटकलेला? उत्तर येत नाही. मग ती समजुतीच्या सुरात सांगते, तुम्ही दिवा पाहिलात आणि त्याहून मोठ्या दिव्याचं स्वप्न पाहिलंत. मांजर पाहिलंत आणि त्याहून मोठं मांजर कल्पून त्याला सिंह म्हणालात. खरं जग एवढंच आहे. आणि ती चौघं एकेक करून मान्य करत जातात.

हा युक्तिवाद नीट ओळख. देव म्हणजे माणसानं स्वतःचीच मोठी करून आभाळावर टाकलेली सावली, ही एकोणिसाव्या शतकापासूनची टीका लुईसनं चेटकिणीच्या तोंडी घातली आहे, आणि तिची टर उडवलेली नाही. राणीचं बोलणं ऐकताना आपल्यालाही ते पटत जातं. वर्गात हे पान मोठ्यानं वाचलं की शांतता पसरते. मुलं अस्वस्थ होतात, कारण त्यांनाही राणीला उत्तर सुचत नाही.

उत्तर येतं ते आधी पायातून. पडलग्लमचे पाय बदकासारखे, पडद्याचे आणि अनवाणी. तो शेकोटीपाशी जातो आणि निखाऱ्यांवर पाय दाबतो. गोड वास कमी होतो, जळलेल्या कातड्याचा वास सुटतो, आणि वेदनेनं त्याचं डोकं क्षणभर लख्ख होतं. मग तो बोलतो. त्याच्या बोलण्याचा आशय असा: समजा आम्ही झाडं, गवत, सूर्य, चंद्र आणि खुद्द अ‍ॅस्लन हा नार्नियाचा सिंह, हे सगळं मनातच रचलं. तरी आमचं रचलेलं जग तुझ्या खऱ्या जगापेक्षा सरस आहे. अ‍ॅस्लन नसला तरी मी अ‍ॅस्लनच्याच बाजूचा.

लुईसनं मृत्यूच्या महिनाभर आधी एका पत्रात लिहिलं की याचं श्रेय अ‍ॅन्सेल्म आणि देकार्त या तत्त्वज्ञांना द्या, मी फक्त ईश्वराच्या अस्तित्वाचा त्यांचा सत्तामूलक पुरावा मुलांना झेपेल असा मांडला. बहुतेक अभ्यासक हे पत्र उद्धृत करतात आणि थांबतात. मी त्याच्याशी सहमत नाही, आणि तूही लेखकाचा शब्द अंतिम मानू नकोस. अ‍ॅन्सेल्मचा पुरावा म्हणतो, ज्याहून मोठं काही कल्पिता येत नाही ते असायलाच हवं. पडलग्लम तसं म्हणत नाही. तो ‘नसला तरी’ म्हणतो. हा पुरावा होत नाही, ही निष्ठा आहे. आणि ती निष्ठा आपल्याला पोकळ वाटत नाही, कारण आधी पाय भाजलेला आहे. वाक्यांचा क्रम बदलून बघ: आधी भाषण, मग पाय. प्रसंग कोसळतो. भाषण वेगळं काढून निबंधात ठेवलं तर तत्त्वज्ञानाचा कुठलाही शिक्षक ते पाच मिनिटांत खोडेल. गोष्टीत ते खोडता येत नाही, कारण तिथं वाचकाच्या नाकात अजून तो जळका वास आहे. तुझ्या गाईडना हे एक पान दाखव आणि विचार, हा धर्मप्रचार असेल तर साहित्य कुठं संपतं ते पेन्सिलीनं खूण करून दाखवता का? आदरानं विचार. त्यांनाही विचार करावा लागेल.

दुसरं उदाहरण उलट बाजूचं, जिथं मला लुईसचा युक्तिवाद लंगडा वाटतो. बीबीसीच्या भाषणांतला त्याचा सगळ्यांत प्रसिद्ध मुद्दा असा: येशूसारखा जो माणूस स्वतःला देव म्हणवतो तो एकतर खोटारडा असेल, नाहीतर वेडा, नाहीतर म्हणतो तेच असेल. थोर नीतिशिक्षक म्हणून मान हलवून पुढे जायची सोय त्यानं ठेवलेली नाही. हाच साचा ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’मध्ये आहे. लहानगी ल्यूसी कपाटातून दुसऱ्या जगात जाऊन आल्याचं सांगते. थोरली भावंडं म्हातारे प्राध्यापक महाशयांकडे जातात. ते म्हणतात, ती खोटं बोलते, किंवा तिला वेड लागलंय, किंवा खरं सांगते. खोटं बोलायची तिची सवय नाही, वेडी ती दिसत नाही, मग खरं मानायला हवं.

एकदा गणपतीच्या सुट्टीनंतर मी हे शिकवत होते. भुदरगड तालुक्यातला, वारकरी घरातला एक मुलगा मागच्या बाकावरून उठला. ‘मॅडम, आमच्याकडं मीच ब्रह्म हाय म्हणणाऱ्याला कोण येडा म्हणत न्हाई, त्याच्या पाया पडत्यात. मग तिसरीच वाट का घ्यायची?’ वर्ग हसला. मी हसले नाही, कारण मला उत्तर येत नव्हतं. घरी जाऊन पुस्तक उघडलं तर लुईसनं आपलं नाव तिथं घेतलेलं होतं. भारतीयांसारख्या सर्वेश्वरवादी लोकांत असं कुणीही म्हणू शकेल आणि त्यात विचित्र काही नाही, पण हा माणूस ज्यू होता, त्याच्या भाषेत देव म्हणजे जगाबाहेरचा, जग घडवणारा, एवढं म्हणून तो पुढे निघून जातो. दोन-तीन वाक्यं. अद्वैताची सगळी परंपरा तेवढ्यात आटोपली! तरी त्याच्या युक्तिवादाचा पाया त्याच वाक्यांत आहे, आणि बीबीसीचा श्रोता ते वाक्य न ऐकताही पुढे जाऊ शकत होता. कोल्हापूरच्या वर्गाला तसं जाता येत नाही.

मग गोष्टीत तोच साचा इतका का पटतो? मला सापडलेलं उत्तर असं. ल्यूसीला तिची भावंडं ओळखतात. तिच्याबरोबर जेवलेली, भांडलेली आहेत. प्राध्यापक महाशय त्यांना तर्क शिकवत नाहीत, त्यांच्याजवळ असलेली ओळख वापरायला सांगतात. भाषणातला श्रोता ज्या व्यक्तीबद्दल निवाडा करायचा तिला ओळखतच नाही. युक्तिवाद तोच असून एकीकडे ओळख आहे, दुसरीकडे नाही. तुझ्या प्रबंधाचं एक पूर्ण प्रकरण या एका फरकावर उभं राहील, आणि ते लिहायला भारतीय वाचक असणं ही अडचण ठरत नाही, ती तुझी जमेची बाजू आहे.

घरच्यांना काय सांगायचं, तेही इथंच आहे. धर्माच्या बाजूनं उत्तर देणं हा मराठीत परका प्रकार कधीच नव्हता. एकनाथांचा ‘हिंदु-तुर्क संवाद’ आहे. १८३१ साली मोरोभट दांडेकरांनी जॉन विल्सन या मिशनऱ्याशी वाद करून ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ लिहिली. १८५७ साली विष्णुबोवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी आठवड्यामागून आठवडे वाद करत होते. ही सगळी ‘अपोलोगिया’च आहे, दुसऱ्या बाजूनं दिलेली. आणि गोष्टीतून मत सांगण्याचं म्हणशील तर आपली कादंबरीच तिथून सुरू होते. जॉन बनियनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ या इंग्रजी रूपककथेचं मराठी रूप ‘यात्रिकक्रमण’ १८४१ चं. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं, जिला मराठीतली पहिली कादंबरी मानतात. पदमनजी तेव्हा ख्रिस्ती झालेले होते आणि पुस्तकात ते लपलेलं नाही. विधवांच्या दुःखाचं वर्णन करताना त्यांची लेखणी जिवंत होते. मग गोष्ट थांबते, पात्रं वाद करू लागतात, आणि वाचक पानं उलटू लागतो. वाद गोष्टीत मुरला नाही तर काय होतं, हे बघायला मराठी वाचकाला ऑक्सफर्डपर्यंत जावं लागत नाही.

याहून जुना आणि माझ्या जिवाभावाचा दाखला फादर स्टीफन्सचा. इंग्रज जेझुइट पाद्री, १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला, आणि १६१६ साली गोव्यातल्याच रायतूरला त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. त्याच्या आरंभी नव्यानं ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग त्या जागी आम्हांला दुसरं पुराण का देत नाही? त्या प्रश्नातलं दुखणं मी कधीच विसरले नाही. पोर्तुगीज सत्तेनं ज्यांची पुराणं हिरावली ते लोक पुन्हा कथाच मागतात, प्रश्नोत्तरीची वही त्यांना पुरत नाही. आणि स्टीफन्स कथा देतो, ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत देतो. मधूनच श्रोते शंका काढतात, पाद्री उत्तर देतो, पुन्हा कथा पुढे सरकते. शंका कथेतून उगवते म्हणून उत्तर ऐकलं जातं. लुईसच्या सव्वातीनशे वर्षं आधी हा मेळ मराठीत साधला होता. पण तो साधला गेला तेव्हा एका बाजूच्या हाती सत्ता होती, हेही प्रबंधात स्पष्ट लिही. ते झाकलंस तर घरच्यांचा प्रश्न बरोबर ठरेल.

कीर्तनाचं उदाहरण मी वर्गात नेहमी देत असे. तू अंबाबाईच्या देवळात लहानपणापासून कीर्तनं ऐकली असशील. पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण, सिद्धान्ताची मांडणी, शंकासमाधान. मग बुक्का, हारतुरा. मग उत्तररंगात आख्यान. नारदीय कीर्तनकाराला कुणी विचारत नाही की हे तत्त्वज्ञान की करमणूक. नगरकडच्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी एकोणिसाव्या शतकात हीच रचना उचलून ख्रिस्ती कीर्तन सुरू केलं. लुईसची चाळिशीतली भाषणं म्हणजे पूर्वरंग आणि नार्निया उत्तररंग, असं म्हणण्याचा मोह तुला होईल. म्हण, पण फरकही सांग. कीर्तनात समोर बसलेला माणूस आधीच हात जोडून आलेला असतो, म्हणून आख्यान सिद्धान्ताला दाखला देतं. लुईसचा वाचक हात जोडून आलेला नव्हता. काही जण तर लहानपणी जबरदस्तीनं जोडायला लावलेले हात सोडवून आलेले होते.

हे मला माझ्यावरून माहीत आहे. आमचं घर कोल्हापूरच्या मिशनच्या जुन्या काळापासूनचं ख्रिस्ती. रॉयल वायल्डर १८५२ साली इथं आले, त्यांच्या नावाचं चर्च आजही आहे. आजी ना. वा. टिळकांची गीतं म्हणतच भाकऱ्या थापायची. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारच्या लांब उपासनेत क्रुसावरचे सात शब्द वाचले जात, बायका पदर डोळ्यांना लावत, आणि मी दहा वर्षांची, कोरडी. रडू येत नाही म्हणजे मी वाईट मुलगी, असं वाटून पोटात गोळा यायचा. पुढे एकोणिसाव्या वर्षी वसतिगृहात कुणीतरी दिलेलं नार्नियाचं पहिलं पुस्तक वाचत होते. चेटकिणीचे लोक अ‍ॅस्लनची आयाळ कातरतात, त्याच्या तोंडाला मुसकं बांधतात, आणि दोन मुली झुडपाआडून बघतात. सिंह प्रतिकार करत नाही. मी उशीत तोंड खुपसून रडले, आणि रडून झाल्यावर लक्षात आलं की मी कशासाठी रडले. लुईसनं १९५६ च्या एका लेखात हेच सांगितलं आहे. भावना ‘वाटायलाच हवी’ असं बजावलं की ती गोठते. तेच सगळं रंगीत काचा आणि शब्बाथशाळा यांतून सोडवून काल्पनिक जगात ठेवलं, तर दारावर पहारा देणाऱ्या राक्षसांच्या नजरेआडून ते आत जाऊ शकतं. तुझ्या मैत्रिणीला मी एवढंच सांगेन की त्या पुस्तकातल्या चेटकिणीनं मला उत्तम शुक्रवार परत मिळवून दिला.

रूपककथा आणि नार्निया यांतला फरक मात्र काटेकोर ठेव. वि. स. खांडेकर लुईसच्याच वर्षी, १८९८ साली जन्मले आणि आपल्या कोल्हापुरात राहून लिहीत होते. विद्यापीठातल्या त्यांच्या संग्रहालयात एक दुपार घालव. त्यांच्या रूपककथेत अर्थ लगेच हाती येतो, आणि तो हाती यावा हाच तिचा धर्म आहे. लुईसचं म्हणणं होतं की अ‍ॅस्लन हे रूपक नाही. नार्नियासारखं जग खरंच असतं आणि ख्रिस्त तिथं जन्माला आला असता तर कसा दिसला असता, या प्रश्नाचं ते काल्पनिक उत्तर आहे. रूपकात ‘म्हणजे’ असतं, लुईसच्या गोष्टीत ‘समजा’ असतं. पडलग्लमच्या भाषणाचा गाभाही ‘समजा’नंच सुरू होतो, हे बघ.

टॉल्किनवर एकच प्रकरण ठेव, जास्त नको. तो निष्ठावान कॅथलिक, पण उघड युक्तिवाद त्याच्या स्वभावात नव्हता. नार्निया त्याला आवडलं नाही. १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात त्यानं म्हटलं की माणूस घडवला गेलेला आहे, म्हणून तोही जग घडवतो. सगळं संपलं असं वाटताना अचानक येणाऱ्या आनंदाच्या वळणासाठी त्यानं ‘युकॅटास्ट्रफी’ हा शब्द बनवला. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये चर्च नाही, प्रार्थनामंदिर नाही. पण कथेच्या केंद्रातली दुष्ट सामर्थ्याची अंगठी नष्ट होते ती २५ मार्चला, ख्रिस्ती पंचांगात मरियेला देवदूताचा निरोप मिळाल्याचा दिवस. आणि ती नष्ट होते नायकाच्या पुण्याईनं नव्हे. कड्यावर फ्रोडो हरतो, अंगठी स्वतःची म्हणतो. वाचवते ती पूर्वी एका दुष्टाला दाखवलेली दया. युक्तिवाद एका ओळीचाही नाही. लुईसच्या शेजारी हे ठेवलंस की दोघांची जात वेगळी दिसेल.

शेवटचं प्रकरण मराठीकडे आण. जी. ए. कुलकर्णींच्या ‘रमलखुणा’ या १९७५ च्या पुस्तकातल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथा घे. अद्भुत प्रदेश, प्रवास, अंतिम प्रश्न, सगळं आहे, आणि दिलासा देणारं उत्तर नाही. प्रश्न जागा करून लेखक बाजूला होतो. लुईस आणि जी.ए. शेजारी ठेवल्यावर लुईसची गोष्ट कुठं प्रश्नावर थांबते आणि कुठं घाईनं उत्तर देऊन टाकते, हे तुला दिसू लागेल. सातव्या पुस्तकात त्यानं घाई केली आहे असं मला वाटतं. तुला वाटणार नाही कदाचित, तसं असेल तर कारणं लिही.

‘तू स्वतः विश्वास ठेवतेस का?’ हे मुलाखतीत विचारतील. मला एका निवड समितीत विचारलं होतं, हे सगळं चर्चमध्ये का नाही शिकवत म्हणून. नोकरी गेली ती गेली. तू सरळ सांग की प्रश्न विश्वासाचा नसून वाचनाचा आहे, आणि मग त्यांना पडलग्लम वाचून दाखव.

कामाला कशी लागशील? पहिले तीन महिने टीकाग्रंथ उघडू नकोस. आधी ‘मिअर ख्रिश्चॅनिटी’ आणि सात नार्निया, मग लुईसची पत्रं. ती तीन जाड खंडांत छापली आहेत, विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात चौकशी कर, नसतील तर मागणी नोंदव. त्याच्या नावावर फिरणारी वाक्यं इंटरनेटवरून कधीही उचलू नकोस, बरीचशी त्याची नाहीत. मूळ पुस्तकात पान सापडलं तरच घे. मायकेल वॉर्डचं २००८ चं ‘प्लॅनेट नार्निया’ सर्वांत शेवटी वाच. सात पुस्तकांमागे मध्ययुगीन सात ग्रह आहेत, हा त्याचा सिद्धान्त इतका मोहक आहे की आधी वाचलास तर दुसरं काही दिसणारच नाही. आणि ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड’ राखून ठेव. पत्नी जॉय १९६० साली गेल्यावर टोपणनावानं लिहिलेली ती वही आहे. तिच्यात दुःखावर पुस्तक लिहिलेला तोच माणूस देवाच्या बंद दारावर डोकं आपटतो. आपली जुनी उत्तरं त्याला तिथं पुरत नाहीत, आणि तो तसं लिहितो. माझ्या प्रबंधात मी ती वही टाळली होती, कारण तेव्हा तिचं काय करायचं ते मला समजलं नव्हतं. तू टाळू नकोस.

रविवारी उपासना आटोपून साडेअकरापर्यंत मी घरी येते. त्यानंतर कधीही ये. विषयाची रूपरेषा नको आणूस अजून, फक्त ‘द सिल्व्हर चेअर’ची प्रत आण, बारावं प्रकरण आपण दोघी मोठ्यानं वाचू. माझ्या प्रतीची ती पानं आता सुटी झाली आहेत.